व्हर्च्युअल मशीनचा डिस्क फाइलवरून बॅकअप व रिकव्हरी

व्हर्च्युअल मशीनची, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकाची, अख्खी हार्ड डिस्क होस्टवर (ते मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर) एक किंवा काही मोजक्या फाइलींच्या रूपात असते. या फाइलींची प्रत जपून ठेवणे आणि बिघाड झाल्यावर तिच्यावरून मशीन पुन्हा उभे करणे, ही बॅकअपची एक रूढ पद्धत. मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरनुसार व्हीएमवेअरमध्ये व्हीएमडीके, हायपर-व्हीत व्हीएचडीएक्स, व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हीडीआय आणि केव्हीएमवर बहुधा क्यूकाऊ२ असे या फाइलींचे प्रकार आहेत.

मशीन बंद असेल तर फाइली कॉपी केल्या की काम झाले. चालू मशीनचे तसे नाही. मोठी फाइल कॉपी व्हायला तास लागला, तर प्रतीची सुरुवात दहा वाजताची आणि शेवट अकराचा, अशी विसंगती येते. म्हणून आधी स्नॅपशॉट, म्हणजे डिस्कच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घेतात. त्याने मूळ फाइल गोठते, नवे बदल वेगळ्या डेल्टा फाइलीत जातात, आणि कॉपी झाल्यावर डेल्टा मूळ फाइलीत विलीन करतात. एवढे करूनही ती प्रत अचानक वीज गेलेल्या संगणकासारखीच असते, म्हणजे अर्धवट राहिलेले लिखाण तिच्यात तसेच राहते. डेटाबेस असेल तर विंडोजमध्ये व्हीएसएस (प्रत काढण्याआधी डेटा सुसंगत करणारी सेवा), लिनक्समध्ये फाइल सिस्टिम क्षणभर थांबवणारी आज्ञा वापरावी.

स्नॅपशॉटलाच बॅकअप मानणे ही सर्वांत घातक चूक. डेल्टात फक्त बदललेले ब्लॉक असतात. मूळ फाइल गेली तर उरलेल्या डेल्टावरून मशीन उभे राहत नाही. शिवाय दोन्ही सहसा एकाच स्टोरेजवर असतात.

व्हीएमवेअरच्या ईएसएक्सआय (थेट हार्डवेअरवर चालणारी प्रणाली) होस्टवर डिस्कच्या दोन फाइली असतात: खरा डेटा असलेली भली मोठी ‘फ्लॅट’ फाइल आणि तिचे वर्णन करणारी छोटी मजकूर फाइल, म्हणजे डिस्क्रिप्टर. डिस्क्रिप्टर हरवला तर मशीन सुरू होत नाही आणि सगळे गेले असे वाटते; पण डेटा शाबूत असतो. फ्लॅट फाइलीचा आकार बाइटमध्ये पाहून ५१२ ने भागावा, म्हणजे सेक्टरची (डिस्कच्या ५१२ बाइटच्या तुकड्यांची) संख्या मिळते. ४० जीबीच्या डिस्कचे ४२,९४,९६,७२,९६० बाइट, म्हणजे ८,३८,८६,०८० सेक्टर. तेवढ्याच आकाराची नवी डिस्क तयार करून तिचा डिस्क्रिप्टर घ्यावा, त्यात जुन्या फ्लॅट फाइलीचे नाव लिहावे, नवी फ्लॅट फाइल काढून टाकावी.

स्नॅपशॉटची साखळी असेल तर जास्त जपावे लागते. प्रत्येक डिस्क्रिप्टरमध्ये स्वतःचा ओळख क्रमांक आणि मूळ डिस्कचा क्रमांक नोंदलेला असतो. घाईत मूळ डिस्कच स्वतंत्रपणे सुरू केली, तर तिचा क्रमांक बदलतो आणि डेल्टाशी जुळत नाही. क्रमांक हाताने जुळवता येतात, पण मधल्या काळात मूळ डिस्कवर लिहिलेला डेटा डेल्टाशी विसंगत झालेला असतो. त्यामुळे कोणताही प्रयोग करण्यापूर्वी सर्व फाइलींची प्रत काढावी आणि प्रतीवरच काम करावे.

एखादीच फाइल परत हवी असेल तर पूर्ण मशीन उभे करण्याची गरज नाही. डिस्क फाइल केवळ वाचनासाठी माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, हवी ती फाइल काढून घेता येते. पूर्ण मशीन तपासायचे असेल तर पहिल्यांदा नेटवर्क तोडूनच सुरू करावे. नाहीतर तेच नाव आणि तोच आयपी पत्ता घेऊन ते चालू असलेल्या मूळ मशीनशी भिडते.