आरएक्सचं उधार आणि आर-१५: दीडशे सीसीत ताकद आली कुठून?

जून २००८मध्ये यामाहाने भारतात वायझेडएफ-आर१५ आणली, तेव्हा पहिला प्रश्न किमतीचा आला. दीडशे सीसीच्या गाडीला जवळपास एक लाख रुपये कशाला मोजायचे? पल्सर १५० त्याहून बरीच स्वस्त मिळत होती. लाखभर खर्चायचेच असतील तर थोडी मोठी गाडी का घेऊ नये, हेही कोणी ना कोणी म्हणायचंच. प्रश्न रास्त होता, कारण आपल्याकडे गाडीची ताकद सीसीत, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या जागेच्या मापात, मोजायची सवय होती. सीसी जास्त तर गाडी मोठी, आणि मोठी गाडी म्हणजे जास्त पळणारी.

ही सवय आर-१५च्या एका आकड्याने मोडली. १४९.८ सीसीच्या इंजिनातून १७ अश्वशक्ती. हीरो होंडाची करिझ्मा २००३पासून रस्त्यावर होती आणि त्या काळात पोरांच्या भिंतीवर तिचे फोटो असत. तिचं इंजिन २२३ सीसीचं होतं आणि ताकद साधारण तेवढीच, १७च्या आसपास. म्हणजे तीन चतुर्थांशाहूनही कमी सीसीत तेवढंच काम झालं होतं. हे कसं साधलं ते समजून घ्यायला २००८च्या बरंच मागे जावं लागतं, आणि ती वाट यामाहाच्याच एका जुन्या गाडीपाशी पोचते.

आरएक्स १०० आली १९८५मध्ये, एस्कॉर्ट्सच्या भागीदारीत. सुरुवातीला जपानी सुट्या भागांतून ती इथे जोडली जायची. बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) ५० मिलिमीटर, स्ट्रोकही (पिस्टनची वर-खाली धाव) ५०, मिळून ९८ सीसी. ताकद ११ अश्वशक्ती आणि वजन जेमतेम १०३ किलो. ज्यांनी ती चालवली त्यांना पुढचं सांगायला नको: दुसऱ्या गिअरमध्ये मूठ पिळली की पुढचं चाक हलकं व्हायचं. तिच्या फायरिंगचा आवाज गल्लीच्या टोकापासून ओळखू यायचा.

ही ताकद टू-स्ट्रोकची होती. फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याच्या) दोन फेऱ्यांमागे एकदा ठिणगी पडून पेट्रोल जळतं, टू-स्ट्रोकमध्ये दर फेरीला. त्यामुळे तेवढ्याच सीसीत टू-स्ट्रोक जास्त जोर देतं आणि इंजिन हलकं राहतं, कारण त्याला फोर-स्ट्रोकसारखे व्हॉल्व्ह (वायू आत-बाहेर सोडणाऱ्या झडपा) नाहीत की ते उघडणारा कॅमशाफ्ट नाही. मात्र त्याची किंमत धुराड्यातून चुकवावी लागते. ताजं मिश्रण आत येत असतानाच जळालेला वायू बाहेर जात असतो, आणि त्याच्याबरोबर थोडं न जळलेलं पेट्रोलही निसटतं. शिवाय पेट्रोलच्या जोडीला ऑइलही जळतं, तो निळा धूर वेगळाच. १९९१नंतर भारतात वाहनांच्या धुरावर नियम आले. ते १९९६मध्ये कडक झाले आणि २०००मध्ये आणखी आवळले गेले. आरएक्स १०० १९९६मध्ये थांबली. तिची भावंडं त्यानंतर काही वर्षं निघत राहिली, पण वाट संपत आल्याचं सगळ्यांना दिसत होतं.

इथे एक साधा हिशेब मांडतो, कारण माझ्या दृष्टीने सगळी गोष्ट त्यात आहे. ९८ सीसीत ११ अश्वशक्ती म्हणजे लिटरला (इंजिनाच्या हजार सीसीमागे) सुमारे ११२. हा आकडा फोर-स्ट्रोकवाल्यांना भरून काढायचा होता. हीरो होंडाची सीबीझी १९९९मध्ये आली. पुढे डिस्क ब्रेक, टाकीला रुबाबदार आकार, तरुणांसाठी बनवलेली फोर-स्ट्रोक म्हणून ती गाजली आणि गाजायलाच हवी होती. पण १५६.८ सीसीतून १२.८ अश्वशक्ती म्हणजे लिटरला ८२च्या घरात. नोव्हेंबर २००१मध्ये बजाजने पल्सर आणली, १५० आणि १८०. १५०ची ताकद १२, १८०ची १५, म्हणजे लिटरला ८३-८४. पुढे २००३मध्ये डीटीएस-आय आलं. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लग लावले की मिश्रण दोन्ही बाजूंनी पेटतं आणि लवकर, पूर्ण जळतं. त्याने ॲव्हरेज सुधारलं, ताकदही वाढली. पण आरएक्सची बाकी फिटली नव्हती.

पल्सरचं श्रेय मला इथे अजिबात कमी करायचं नाही. स्कूटर बनवणाऱ्या कंपनीने आकुर्डी-चाकणच्या पट्ट्यात अशी गाडी उभी केली आणि कमी बजेटच्या घरातल्या पोराच्या हातात दीडशे सीसी दिलं. रोजच्या कामाची गाडी ताकदवानही असू शकते, हे तिने दाखवलं. सुपरस्पोर्ट होण्याचा दावा मात्र तिने केला नव्हता.

आता आर-१५. तिचं इंजिन अगदी शून्यातून बनलं नव्हतं. २००७मध्ये इंडोनेशियात यामाहाची व्ही-इक्झिऑन आली होती, तिचा बोअर ५७ आणि स्ट्रोक ५८.७ मिलिमीटर, आर-१५चेही तेच. त्याच पायावर ताकद वाढवली गेली. चार व्हॉल्व्ह असल्याने इंजिनाला जास्त हवा घेता येते. पाण्याने थंड होत असल्याने जास्त कॉम्प्रेशन (मिश्रण किती दाबलं जातं ते; इथे १०.४ला १) चढावावरही झेपतं. फ्युएल इंजेक्शन (कार्बोरेटरऐवजी पेट्रोल मोजून फवारणं) आपल्याकडे नवं नव्हतं, २००६ची ग्लॅमर एफआय आणि २००७ची पल्सर २२० ते घेऊन आल्या होत्या. पण हे सगळं एकत्र, सहा गिअरसह, दीडशे सीसीत? असं आपल्या रस्त्यावर आधी नव्हतं. १४९.८ सीसीत १७ म्हणजे लिटरला ११३. आरएक्सचा ११२चा आकडा फोर-स्ट्रोकने तेवीस वर्षांनी गाठला, तोही निळा धूर न काढता.

सिलिंडरचीही एक गंमत आहे, गॅरेजात काम करणाऱ्यांना ती नेमकी ठाऊक असते. साध्या गाडीत ॲल्युमिनिअमच्या सिलिंडरमध्ये लोखंडी स्लीव्ह (आतलं अस्तर) बसवलेली असते. झिजली की बोअर मारून मोठा पिस्टन घालतात आणि गाडी पुन्हा नव्यासारखी. आर-१५मध्ये ती स्लीव्हच नाही. यामाहा ज्याला डायॅसिल म्हणते तो सिलिंडर ॲल्युमिनिअममध्ये भरपूर सिलिकॉन मिसळून ओतलेला असतो, आणि सिलिकॉनचे कठीण कण पिस्टनचं घर्षण सोसतात. उष्णता झटकन बाहेर जाते, वजन कमी होतं, पण बोअर मारायची सोय राहत नाही. खराब झाला तर सिलिंडर बदलायचा. जुनी आर-१५ घेणाऱ्याने इंजिनातली खडखड नीट ऐकून मगच पैसे द्यावेत, ते याचसाठी.

तरीही माझ्या मते पहिल्या आर-१५चं खरं मोठेपण इंजिनात नव्हतं, चासीत, म्हणजे सांगाड्यात होतं. साध्या गाडीची चासी नळ्यांची, इंजिनाला वरून आणि पुढून कवेत घेणारी. आर-१५ला डेल्टाबॉक्स मिळाली. यामाहाने ती ऐंशीच्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर घडवली होती. हँडलच्या मुळापासून निघालेल्या दोन रुंद पट्ट्या मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मच्या सांध्यापर्यंत जवळजवळ सरळ जातात. वळणावर गाडी कलली की हँडलच्या मुळाशी आणि मागच्या चाकापाशी वेगवेगळा जोर पडतो, आणि मधली चासी पिळली जाते. हा पीळ जितका कमी, तितकं पुढचं चाक तुम्ही दाखवाल तिथेच जातं. पोलादी असली तरी ही चासी पिळाला सहजी दाद देत नाही. त्यात चाकांमधलं अंतर अवघं १२९० मिलिमीटर आणि वजन १३१ किलो.

ताम्हिणीसारख्या घाटात ती चालवणाऱ्याला फरक कागदावर शोधावा लागत नाही. मोठ्या ताकदीच्या गाडीला वळणाआधी ब्रेक दाबावा लागतो आणि वळणानंतर पुन्हा वेग गोळा करावा लागतो. आर-१५ वेग फारसा न घालवताच बाहेर पडते. सपाट सरळ रस्त्यावर तिचा कमाल वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास, आणि त्यात ती पल्सर २२०ला मागे टाकेल असं नाही. छोट्या स्पोर्ट गाडीने वेग मिळवण्यापेक्षा तो राखायचा असतो, हे आपल्याकडच्या पिढीला पहिल्यांदा तिनेच शिकवलं. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर याच गाडीच्या एकजिनसी शर्यतीही सुरू झाल्या. सगळ्यांना एकच गाडी, त्यामुळे निकाल चालवणाऱ्याच्या हातांवर.

पहिल्या गाडीचा दोष लोकांनी लगेच ओळखला: मागचं टायर, १०० सेक्शनचं (म्हणजे १०० मिलिमीटर रुंद), त्या अंगाला शोभत नव्हतं. सप्टेंबर २०११मध्ये दुसरी आवृत्ती आली, १३० सेक्शनचं टायर, ॲल्युमिनिअमची स्विंगआर्म, दोन भागांची सीट. दिसायला ती पहिलीपेक्षा कितीतरी देखणी. चाकांमधलं अंतर १३४५पर्यंत वाढलं, वजनही १३६ किलोवर गेलं, त्यामुळे सरळ रेषेत ती जास्त स्थिर झाली. त्यात वळायची चपळाई थोडी गेलीच, हे मान्य करायला हवं. मागची सीट इतकी उंच की डबलसीट बसलेल्याला झाडावर चढल्यासारखं वाटावं. ही तक्रार इतकी झाली की २०१५मध्ये कंपनीला सलग सीटची आर-१५एस काढावी लागली.

दरम्यान पुण्याच्या शेजारी दुसरी गोष्ट घडत होती. बजाजने नोव्हेंबर २००७मध्ये ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये १४.५ टक्के हिस्सा घेतला होता, आणि जानेवारी २०१२मध्ये चाकणमध्ये बनलेली ड्यूक २०० बाजारात आली. १९९.५ सीसीत २५ अश्वशक्ती. हिशेब पुन्हा लिटरचा केला तर १२५. किंमत १ लाख १७ हजारांच्या आसपास, म्हणजे आर-१५पेक्षा थोडेच जास्त पैसे आणि ताकद आठ अश्वशक्तीने अधिक. सप्टेंबर २०१४मध्ये तिचीच फेअरिंग (पुढचं कवच) घातलेली आरसी २०० आली. एकेकाळी आर-१५कडे बघत करिझ्मावाल्यांनी जे ऐकलं, तेच आता आर-१५वाल्यांना ऐकायला लागलं.

यामाहाचं उत्तर यायला २०१८चा फेब्रुवारी उजाडला. तिसऱ्या आवृत्तीत बोअर एका मिलिमीटरने वाढवून ५८ केला, इंजिन १५५ सीसीचं झालं, कॉम्प्रेशन ११.६ला १ आणि व्हीव्हीए बसवलं. या यंत्रणेत इनटेक व्हॉल्व्हसाठी दोन प्रकारचे कॅम असतात. कमी फिरकीला बुटका कॅम काम करतो आणि रहदारीत गाडी सुरळीत ओढते. साधारण ७४०० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) एक खुंटी सरकते आणि उंच कॅम हातात घेतो, त्यामुळे व्हॉल्व्ह जास्त उघडतात. ताकद झाली १९.३, दहा हजार आरपीएमला. लिटरला १२४ ओलांडले, म्हणजे ड्यूकच्या बरोबरीने. इथे मला एक गोष्ट आजही खटकते. हीच गाडी २०१७मध्ये इंडोनेशियात आली तेव्हा तिला पुढे उलटे फोर्क (जाड नळी वर असलेले, जास्त भक्कम) होते, आपल्याकडे मात्र साधे दिले. एबीएसही (जोरात ब्रेक दाबला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) २०१९च्या जानेवारीत आलं, सरकारी नियमाची मुदत तोंडावर असताना. १२५ सीसीवरच्या सगळ्या गाड्यांना १ एप्रिल २०१९पासून एबीएस सक्तीचं होणारच होतं. ही कंजुषी या गाडीवर शोभत नव्हती.

त्या पाच वाढीव सीसींचा भार शोरूममध्ये फारसा जाणवत नाही, विम्याच्या कागदावर जाणवतो. थर्ड पार्टी विम्याचा हप्ता सीसीच्या टप्प्यांवर ठरतो: ७५ ते १५०, मग १५० ते ३५०. जून २०२२च्या दरांनुसार पहिल्या टप्प्याला ७१४ रुपये आणि दुसऱ्याला १३६६. जुनी १४९.८ची गाडी पहिल्या टप्प्यात बसायची, १५५ची दुसऱ्यात गेली. दरवर्षी साडेसहाशे रुपये जास्त. घरी हप्त्यावर गाडी घेणाऱ्या पोराच्या हिशेबात तोही आकडा असतो.

सप्टेंबर २०२१च्या चौथ्या आवृत्तीला उलटे फोर्क शेवटी मिळाले, मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल आलं, काही प्रकारांत क्लच न दाबता वरचा गिअर टाकायचं क्विकशिफ्टरही. धुराचे नियम तोवर बीएस-६पर्यंत पोचले होते, आणि त्यासाठी ताकद उतरून १८.४ झाली. लिटरला ११८च्या आसपास. आरएक्सला थांबवणारे नियम आणि आजच्या आर-१५ची जवळपास एक अश्वशक्ती कमी करणारे नियम एकाच धाग्याचे आहेत. फरक एवढाच की आता इंजिन ते सोसून उभं आहे, आणि धुराड्यामागे उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे चुरचुरत नाहीत.