एक ठिपका, एक गुंठा

सांगलीत जमिनीचा व्यवहार गुंठ्यावर चालतो. ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, म्हणजे १०८९ चौरस फूट. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांच्या चित्रातला सगळ्यात बारीक ठिपका जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर भरतो, म्हणजे जवळजवळ गुंठाच. योगायोग खरा, पण सांगलीकराच्या सोयीचा. ही चित्रं फुकट मिळतात आणि २०१७ पासून साधारण दर पाच दिवसांनी एक.

शहर कुठे पसरलं हे त्यांतून कसं कळतं? हिरवं पान लाल प्रकाश शोषून घेतं आणि डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश भरपूर परत फेकतं. पत्रा, स्लॅब, डांबर तसं करत नाहीत. या दोन्हींतल्या फरकावरून संगणक ऊस कुठला नि वस्ती कुठली ते ओळखतो. आपल्याकडे मात्र एक गोची आहे. मे महिन्यात नांगरून ठेवलेलं काळं रान आणि नुकतं मुरूम टाकून आखलेलं प्लॉटिंग, दोन्ही त्याला सारखीच उजाड दिसतात. म्हणून एका चित्रावर विसंबायचं नाही, वर्षभराची चित्रं ओळीनं बघायची. रान पावसाळ्यानंतर हिरवं होतं, स्लॅब होत नाही.

इथवर काम सोपं आहे. पण नुसता पसारा मोजून नियोजन होत नाही. सांगलीत खरा प्रश्न उंचीचा आहे. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. फूटभर पाणी चढलं की आणखी काही गल्ल्या बुडतात, इतकी ही जमीन सपाट. उंचीचे जे नकाशे फुकट मिळतात, त्यांतला एक अमेरिकेच्या अवकाशयानानं २००० साली रडारनं मोजलेला आहे. त्यात काही मीटरांची चूक सहज असते, शिवाय झाडांचे शेंडे नि घरांची छपरंही ‘जमीन’ म्हणून मोजली जातात. घाटातल्या डोंगराला ते चालेल. शामरावनगरसारख्या सखल भागात त्यावरून पाणी कुठे वळेल हे सांगणं धाडसाचं. तिथे ड्रोननं किंवा विमानातून लेसरनं मोजणी करावी लागते. ती महाग पडते, पण पैसे घालावेत तर इथेच, असं माझं मत.

दुसरा थर जुन्या कागदांचा. गावनकाशात ओढे-नाले काढलेले असतात. तो स्कॅन करायचा, जुनं देऊळ, विहीर, रस्त्यांचे तिठे अशा न हललेल्या खुणा धरून आजच्या उपग्रह चित्रावर बसवायचा. क्यूजीआयएस नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे घरबसल्या जमतं. कागदावरचा नाला जिथे चित्रात छपरांखाली गडप होतो, तिथे पावसाचं पाणी दरवर्षी का तुंबतं हे वेगळं सांगावं लागत नाही. लेआउट मंजूर न करता शेतं एक-दोन गुंठ्यांनी विकली गेली. २००१ च्या गुंठेवारी कायद्यानं अशी घरं नियमित करण्याची वाट काढली. घर नियमित झालं म्हणून पाण्याची वाट मोकळी होत नाही. मात्र ठिपकाच गुंठ्याएवढा असल्यानं दोन प्लॉटांच्या हद्दीचं भांडण या चित्रावर मिटवायला जाऊ नये. त्याला मोजणीवालाच हवा.

राहिला पूर. ऐन पावसात वर ढगच ढग, साधा कॅमेरा निकामी. युरोपच्याच सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार ढगांतून बघतं. संथ पाण्यावर पडलेली रडारची लहर पलीकडे निसटते, म्हणून पाणी काळं दिसतं. पण पाणी भरलेल्या गल्लीत तीच लहर पाण्यावरून भिंतीवर आपटून माघारी येते आणि गल्ली उलट उजळ दिसते. पुरुषभर उंच उसात तर रडारला बहुतेक पानंच दिसतात, बुडातलं पाणी नाही. त्यामुळे शहर आणि ऊस दोन्ही असलेल्या आपल्या भागात उपग्रहाच्या नकाशात पूर खऱ्यापेक्षा कमीच भरतो.

ही तूट भरून काढायला घरांच्या भिंतींवर राहिलेल्या पुराच्या खुणा कामाला येतात. लोकांनी रंगानं रेघ मारून साल लिहिलेलं असतं. प्रत्येक रेघेची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून तिची जागा नकाशात टाकली, की त्या आधारे निळी (२५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) आणि लाल (शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची) पूररेषा गल्लीच्या पातळीवर तपासता येते. नव्या रंगाखाली या रेघा दर दिवाळीला थोड्या थोड्या पुसल्या जातात, तेव्हा हे काम विकास आराखड्याच्या पुढच्या फेरीपर्यंत थांबवण्यासारखं नाही.