एसीचं एएमसी घ्यावं का? आधी बादलीतलं पाणी बघा

फेब्रुवारी संपत आला की मला दोन फोन हमखास येतात. एक आईचा, की यंदा मोहोर कमी आहे म्हणे, आणि दुसरा एसीवाल्यांचा, "सर तुमचं एएमसी एक्स्पायर होतंय, रिन्यू करून टाकू ना?" एएमसी म्हणजे वर्षभराच्या देखभालीचं कंत्राट. पाच वर्षं मी निमूट पैसे भरले, चार हजाराच्या आसपास, वर जीएसटी. मागच्या वर्षी मात्र डोक्यात आलं की हे पैसे नक्की कशाचे जातात ते तरी बघू, आणि मग एसी आत काय करतो तिथपासून सुरुवात करावी लागली.

एसी थंडी बनवत नाही, तो घरातली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. सोसायटीचा पंप खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवतो ना, तसंच. गच्ची जितकी उंच तितका पंपाला जोर जास्त. एसीच्या बाबतीत ही उंची म्हणजे आतली कॉइल आणि बाहेरची कॉइल (गॅस फिरतो त्या नळ्यांची वेटोळी) यांच्या तापमानातला फरक. समजा आतली १० डिग्रीला आहे आणि बाहेरची ५० ला, म्हणजे ४० डिग्रीची चढण. आता फिल्टरवर धूळ साचली, हवा कमी यायला लागली की आतली कॉइल ७ वर घसरते, आणि बाहेरच्या कॉइलवर घाण बसली की उष्णता सुटत नाही म्हणून ती ५५ वर जाते. चढण झाली ४८. अगदी आदर्श यंत्राचं गणित मांडलं तरी तेवढीच उष्णता उचलायला २१ टक्के जास्त वीज लागते, आणि आपली यंत्रं काही आदर्श नसतात.

म्हणजे सर्व्हिसिंग करावं हे बरोबर, पण थांबा. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने दिलेला आकडा असा आहे की नुसता तुंबलेला फिल्टर बदलला तर एसीची वीज ५ ते १५ टक्के वाचू शकते. आपल्याकडे फिल्टर म्हणजे प्लॅस्टिकची जाळी, ती बदलायचीही नसते, पुढचं झाकण उचलायचं, जाळी काढायची, नळाखाली धरायची, सावलीत वाळवायची, परत लावायची. दहा मिनिटं. माझ्या दीड टनाच्या एसीच्या स्टार लेबलवर वर्षाला साधारण हजार युनिट लिहिलेत (हे लेबल १६०० तासांच्या वापरावर काढतात), १० टक्के म्हणजे १०० युनिट, दहा-बारा रुपयांनी धरले तर हजार-बाराशे रुपये. आणि यातला बराचसा भाग त्या फुकटच्या दहा मिनिटांत मिळतो. तेव्हा "सर लाइट बिल निम्मं होईल" असं कोणी म्हणालं तर गालातल्या गालात हसायचं.

मग वेट सर्व्हिसला, म्हणजे पाणी मारून केलेल्या सफाईला, पैसे द्यायचे कशाला? त्या काळ्या पाण्यासाठी. तुम्ही बघितलं नसेल तर एकदा उभं राहून बघाच. सर्व्हिसवाला मुलगा इनडोअर युनिटच्या खाली प्लॅस्टिकची झोळी बांधतो, तिचं टोक बादलीत सोडतो आणि प्रेशर पंपाने आत पाणी मारतो. पहिली दोन मिनिटं साधं मळकट पाणी येतं, मग तो फवारा ब्लोअरवर धरतो, ब्लोअर म्हणजे आतला तो लाटण्यासारखा लांब गोल पंखा, आणि बादलीत जे पडायला लागतं ते गटारासारखं काळं, गाठीगाठीचं. जाळीतून निसटलेली बारीक धूळ, फोडणीचा तेलकट धूर, उदबत्तीची काजळी, आणि हे सगळं ओलं ठेवणारं पाणी. ब्लोअरची पाती बारीक आणि वळलेली असतात, त्या खोलगट वळणांत हा गाळ भरला की पंखा फिरतो तितकाच पण हवा ढकलत नाही. इथे नळाखालची धुलाई पोचत नाही.

पाणी येतं कुठून, तर हवेतून. गंमत म्हणजे १९०२ साली विलिस कॅरियरने पहिला आधुनिक एसी उभा केला तो माणसांना गार वाटावं म्हणून नव्हेच, ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत होता म्हणून. आपल्या मुंबई-ठाण्याच्या दमट रात्री दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी सहज बाहेर टाकतो. हे पाणी ट्रेमधून बारीक नळीने जातं, ट्रेमध्ये अंधार, ओल आणि धूळ, म्हणजे बुळबुळीत थर धरायला अजून काय हवं. नळी तुंबली की पाणी भिंतीवरून खाली येतं आणि तेही बरोबर पाहुणे आलेले असतात तेव्हाच. माझ्या मते वेट सर्व्हिसचे खरे पैसे इथे वसूल होतात, लाइट बिलात नाही.

आता गॅस, म्हणजे नळ्यांमधून फिरत उष्णता वाहून नेणारा तो. दोन वर्षांपूर्वी एएमसीचा माणूस आला, बाहेरच्या युनिटला गेज (प्रेशर मोजायचं मीटर) लावला आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय, टॉप-अप करावा लागेल, ते पॅकेजमध्ये येत नाही." मी दिले पैसे. पुढच्या उन्हाळ्यात दुसरा माणूस, तेच वाक्य. तेव्हा शंका आली. घरातला फ्रिज आठवा, त्यातही हेच तंत्र आहे, आईचा फ्रिज १८ वर्षं चालला, कोणी कधी त्यात गॅस टॉप-अप केला होता का? गॅस जळत नाही, झिजत नाही, बंद नळ्यांमध्ये तोच तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीक आहे आणि लीक न शोधता गॅस भरणं म्हणजे भोक पडलेल्या बादलीत पाणी ओतणं.

लीक होतो हेही खरं. फ्रिज कारखान्यातूनच सील होऊन येतो, स्प्लिट एसीच्या नळ्या मात्र आपल्या घरी येऊन नटांनी जोडतात, तिथे कच्चं राहू शकतं. दुसरी जागा म्हणजे तांब्याची कॉइल. लाकडी फर्निचर, रंग, सफाईची लिक्विडं यांच्यातून निघणारी सौम्य सेंद्रिय आम्लं ओल्या तांब्यावर बसली की धातूत मुंग्यांच्या वारुळासारखी सूक्ष्म बोगद्यांची जाळी पोखरतात, बाहेरून काही दिसत नाही आणि गॅस हळूहळू जातो.

पण गेजवरचा आकडा बघून गॅस कमी हे ठरवणं इन्व्हर्टर एसीत फसवं असतं, कारण त्यात कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, स्वतःचा वेग सतत कमी-जास्त करतो आणि प्रेशर त्याच्याबरोबर हलतं. नीट पद्धत अशी की लीक शोधून बंद करायचा, नळ्या व्हॅक्यूम करायच्या, म्हणजे आतली हवा ओढून काढायची, आणि बाहेरच्या युनिटच्या पाटीवर जितके ग्रॅम लिहिलेत तितका गॅस वजन करून भरायचा. वजनकाटा आणलाय का, एवढंच विचारा, समोरचा चेहरा बरंच सांगून जातो. शिवाय हल्लीचा आर-३२ गॅस थोडासा का होईना ज्वलनशील आहे, तेव्हा तिथे अंदाजपंचे काम नकोच.

इन्व्हर्टरची अजून एक गोची. जुना एसी घाण झाला की गार करायचा बंद व्हायचा, आपल्याला कळायचं. इन्व्हर्टर तक्रार करत नाही, वेग वाढवून गुपचूप जास्त वीज खातो आणि खोली गारच ठेवतो, मे महिन्यात त्याचीही ताकद संपते तेव्हा कळतं, आणि तोवर मेकॅनिकची वेटिंग लिस्ट आठ दिवसांची झालेली असते.

बाहेरच्या युनिटचं म्हणाल तर आमच्याकडे शत्रू नंबर एक कबुतरं. युनिटची कॉइल मागच्या बाजूला असते, भिंतीकडे, तिथून हवा आत ओढली जाते, आणि नेमकी त्याच वीतभर फटीत काड्या, पिसं आणि विष्ठेचं घरटं. पाच वर्षांच्या एएमसीत पंधरा व्हिजिट झाल्या असतील, एकानेही मागे वाकून बघितलं नव्हतं. मला दिसलं ते शेजारच्या गॅलरीतून.

तर मी काय ठरवलं. साधं एएमसी, ज्यात फक्त साफसफाई येते, ते बंद. फिल्टर दर पंधरा दिवसांनी मी धुतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये एक वेट सर्व्हिस आमच्या भागातल्या माणसाकडून, सहा-सातशे रुपये, त्यात बाहेरचं युनिट मागून धुवायचं हे आधीच बोलून घ्यायचं. शेजारी बांधकाम चालू असेल तर दिवाळीनंतर अजून एक. पार्ट्स धरून जे महाग एएमसी असतं तो म्हणजे विमा आहे, त्याचा हिशोबही विम्यासारखाच करायचा. बऱ्याच कंपन्या कॉम्प्रेसरवर दहा वर्षांची वॉरंटी देतात, मग त्यासाठी परत पैसे कशाला? पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट), कॉइल आणि गॅस लिहून धरलेत का एवढं बघायचं, नसतील तर तो कागद बिनकामाचा.

एका घरी मात्र मी असं महाग एएमसी मुद्दाम घेतलंय, सासूबाईंच्या रत्नागिरीच्या घरी. समुद्र तिथून चालत पाच मिनिटांवर, खारं वारं थेट गॅलरीत, बाहेरच्या कॉइलचे ॲल्युमिनियमचे पत्रे बोट लावलं की भुग्यासारखे गळतात. तिसऱ्या वर्षी कॉइल गेली, कागदावर "कंडेन्सर कॉइल समाविष्ट" असं छापलेलं होतं म्हणून नवी फुकट बसली, फक्त त्यासाठी सासूबाईंनी सतरा दिवस रोज सकाळी फोन केला.