स्क्रिप्टला सेटयूआयडी लावलं, पण काही झालंच नाही!

एखादी बॅकअपची स्क्रिप्ट दुसऱ्या अकाउंटच्या नावाने चालवायची असेल तर नेटवर हमखास सल्ला मिळतो, सीएचमॉड ४७५५ मारा, म्हणजे फाइलवर सेटयूआयडी बिट (ती मालकाच्या नावाने चालवायची खूण) लागेल. लिनक्सवर मारून बघा, एरर येत नाही, एलएस -एल केलं की परवानग्यांमध्ये एक्सच्या जागी एस पण दिसतो, आणि स्क्रिप्ट चालते मात्र तुमच्याच नावाने.

का ते सांगतो. प्रत्येक प्रोसेसला (चालू प्रोग्रॅमला) खरा यूआयडी (युजरचा नंबर) असतो आणि इफेक्टिव्ह यूआयडी असतो, फाइल उघडायची परवानगी कर्नल (सिस्टिमचा गाभा) सहसा इफेक्टिव्हवरून ठरवतं. एरवी दोन्ही सारखेच. पण बायनरीवर (कंपाइल केलेल्या प्रोग्रॅमवर) सेटयूआयडी बिट असला की इफेक्टिव्ह यूआयडी फाइलच्या मालकाचा होतो, म्हणून तर रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या अकाउंटच्या) शॅडो फाइलमधला, म्हणजे पासवर्डच्या फाइलमधला, आपला पासवर्ड आपल्याला बदलता येतो. ही आयडिया डेनिस रिचीची, १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज केला, १९७९ मध्ये पेटंट मिळालं.

आता स्क्रिप्ट. ती कर्नल स्वतः चालवत नाही. पहिल्या ओळीत हॅश आणि उद्गारचिन्ह दिसलं की पुढे लिहिलेला इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम), समजा बॅश, सुरू करतं आणि त्याला स्क्रिप्टचं फक्त नाव देतं. नाव हं, उघडलेली फाइल नाही! बॅश त्या नावाची फाइल नव्याने उघडतं, म्हणजे एकच फाइल दोनदा उघडली जाते आणि मध्ये एक फट राहते. समजा, मी माझ्या फोल्डरमध्ये रूटच्या सेटयूआयडी स्क्रिप्टकडे जाणारी सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) केली आणि ती चालवली, कर्नलने बिट बघून बॅशला रूट केलं, आणि बॅशने फाइल उघडायच्या आत मी सिमलिंक माझ्या फाइलकडे वळवली, की माझा कोड रूट म्हणून चालला. फट अगदी क्षणभराची असते पण लूप लावून हजारदा ट्राय करायला कुठे पैसे पडतात? काही युनिक्सवर कर्नल आधीच उघडलेली फाइल इंटरप्रिटरला देतं, त्यामुळे फट बुजते. लिनक्स सरळ स्क्रिप्टवरचा बिटच मोजत नाही.

मग उपाय सुडो (दुसऱ्याच्या नावाने कमांड चालवून देणारी कमांड), जे १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात लिहिलं गेलं. ते स्वतः रूटची सेटयूआयडी बायनरी आहे, सुडोअर्स फाइलमधला नियम बघतं (कोणी, कोणाच्या नावाने, कोणती कमांड), एन्व्हायर्नमेंट (तुमच्या सेशनची व्हेरिएबल्स) बरंचसं साफ करतं, खरा यूआयडीसुद्धा बदलतं आणि मग स्क्रिप्ट चालवतं. परमिशन डिनाइड दिसलं की पुढे सुडो लावायचं, हे कपाळाला अंगारा लावल्यासारखं झालंय लोकांचं, पण सुडोमध्येही २०११ मध्ये शिरलेला एक बग २०२१ पर्यंत कोणाला दिसला नव्हता, आणि सुडोअर्समध्ये नाव नसलेला साधा युजरही त्यातून रूट होऊ शकत होता.

नियम लिहायचा तो व्हीआयसुडोनेच (सुडोअर्स फाइल एडिट करायची कमांड), सेव्ह करताना ते चुका पकडतं. कमांडचा पूर्ण पाथ द्या. स्क्रिप्ट आणि ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर, दोन्ही त्या युजरला लिहिता येता कामा नयेत, कारण फोल्डर त्याच्या हातात असला तर तो तुमची स्क्रिप्ट बाजूला सारून त्याच नावाने स्वतःची ठेवेल आणि सुडो ती गुपचूप चालवेल. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, नियमात कमांडपुढे काहीच लिहिलं नाही तर कुठलेही आर्ग्युमेंट (कमांडला पुढे दिलेले शब्द) चालतात, नको असतील तर रिकामे डबल कोट टाकावे लागतात. आर्ग्युमेंटच्या जागी स्टार तर नकोच, तो स्पेस आणि स्लॅश पण गिळतो.