ह्यां इमान खंय चल्लां?

देवगडला रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही खळ्यात बसतो. वर घरघर सुरू झाली की शेजारच्या काकांचा ठरलेला प्रश्न येतो, "ह्यां इमान खंय चल्लां रे?" पूर्वी मी "दुबयक" म्हणून ठोकून द्यायचो. आता मोबाइल काढतो. फ्लाइटरडार२४ या विमानं दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या नकाशावर एक पिवळं विमान सरकत असतं. मुंबईहून कोचीला, उंची ११ किलोमीटर.

काकांना ते पटत नाही. आवाज डोक्यावर आणि मोबाइलातलं विमान केव्हाच पुढे! पण खरा मोबाइलच. एवढ्या उंचीवरून आवाज खाली पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. ताशी ८५० किलोमीटरने जाणारं विमान तेवढ्यात सात-आठ किलोमीटर पुढे सटकलेलं असतं.

अ‍ॅपच्या नावात रडार असलं तरी आपण बघतो ते बहुतेक वेळा रडारचं काम नसतंच. रडार लहर फेकतं आणि तिच्या परावर्तनाची वाट बघतं. इथे विमान स्वतःच बोलतं. मासेवाली "बांगडे घेव्याऽऽ" करत पाणंदीतून येते तेव्हा तिला कोणी शोधायला जात नाही, तसंच हे. जीपीएसवरून विमानाला आपली जागा कळते. ती जागा, उंची, वेग आणि त्या विमानाचा २४ बिटांचा क्रमांक १०९० मेगाहर्ट्झवर सतत प्रसारित होत असतो. जागेचा संदेश तर सेकंदाला साधारण दोनदा. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात. संदेशाला कुलूपकिल्ली नाही, त्यामुळे गच्चीवर छोटा अँटेना लावलेला कुणीही हौशी माणूस तो ऐकू शकतो. फ्लाइटरडार२४ ची सुरुवातही २००६ मध्ये स्वीडनमधल्या दोन हौशी मंडळींनीच केली.

अडचण आहे ती पृथ्वीच्या गोलाईची. गलबत बंदराकडे येताना आधी शीड दिसतं, मग नाळ, हे आपल्याकडे पोरंसोरंही सांगतील. या लहरीही जवळपास सरळ रेषेत जातात. ११ किलोमीटर उंचीवरचं विमान किनाऱ्यावरच्या अँटेनाला फार तर ४०० किलोमीटरपर्यंत ऐकू येतं. समुद्राकडे आपल्याला मोकळं रान. पूर्वेला मात्र सह्याद्री आडवा, घाटमाथ्यापलीकडचं खालून उडणारं विमान कळतच नाही.

आणि भर अरबी समुद्रात ऐकणार कोण? २०१९ पासून इरिडियम या कंपनीच्या ६६ उपग्रहांवर बसवलेले कान हे काम करतात. पण ती माहिती हाती नसेल, तर अ‍ॅप शेवटच्या दिशेवरून आणि वेगावरून अंदाजाने विमान पुढे ढकलत राहतं. मग नकाशावर ते मध्येच टुणकन उडी मारतं. ती उडी विमानाची नसते, अंदाज चुकलेला असतो.

मार्गही सरळ नसतात. ठरलेल्या बिंदूंवरून जावं लागतं, लष्करी क्षेत्रं टाळावी लागतात. कधी शेजारी देश दारच लावून घेतो. २७ फेब्रुवारी ते १६ जुलै २०१९ या काळात पाकिस्तानचं आकाश बंद होतं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणारी विमानं आधी दक्षिणेला गुजरातकडे येऊन अरबी समुद्रावरून वळसा घेत होती.

आमच्याकडची गंमत याहून साधी. ९ ऑक्टोबर २०२१ ला आमच्या सिंधुदुर्गातला चिपीचा विमानतळ सुरू झाला. तिकडे उतरणारं विमान खाली येत येत कधीकधी नकाशावरून पुसलंच जातं. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा काका ताडकन उठले, "पडलां काय रे?"

"नाय ओ काका, डोंगराआड गेलां."