बार्लीचे दिवस आणि त्यानंतर: प्रिन्स एडवर्ड काउंटीची पार्श्वभूमी

कॅनडातल्या टोरंटोहून गाडीने पूर्वेला निघालं की दोन-अडीच तासांत उजव्या हाताला लेक ऑन्टारिओ या सरोवरात शिरलेला एक वेडावाकडा भूभाग लागतो. कागदोपत्री तो प्रिन्स एडवर्ड काउंटी. तिथली माणसं नुसतं ‘काउंटी’ म्हणतात. प्रिन्स एडवर्ड आयलंड हा प्रांत वेगळा, तो इथून हजार किलोमीटरहून दूर अटलांटिकच्या किनाऱ्याला आहे. दोघांना नाव मात्र एकाच राजपुत्राचं मिळालं, राणी व्हिक्टोरियाच्या वडिलांचं.

काउंटीचं क्षेत्रफळ साधारण 1,050 चौरस किलोमीटर आणि 2021 च्या जनगणनेनुसार वस्ती 25,704. म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी जमीन आणि तालुक्याच्या गावाएवढी माणसं. पिक्टन हे मुख्य गाव. वेलिंग्टन, ब्लूमफील्ड, कन्सिकॉन, वॉपूस ही बाकीची गावं शेतं आणि खाड्यांमध्ये विखुरलेली.

यातल्या वेलिंग्टनशी मराठी माणसाचा एक जुना धागा आहे. 23 सप्टेंबर 1803 रोजी असईच्या रणात शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवणारा, त्याआधी ऑगस्टात अहमदनगरचा किल्ला आणि नंतर डिसेंबरात गाविलगड घेणारा आर्थर वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला. हे गाव त्याच्याच नावाचं. पिक्टनला नाव मिळालं ते वॉटर्लूला त्याच्या हाताखाली लढताना 1815 मध्ये मारल्या गेलेल्या जनरल थॉमस पिक्टनचं. हा पिक्टन त्रिनिदादचा गव्हर्नर असताना एका कोवळ्या मुलीचा छळ करवल्याबद्दल 1806 साली लंडनमध्ये त्याच्यावर खटला चालला होता. वेलिंग्टन आणि पिक्टन या दोघांचाही इथल्या मातीशी काही संबंध नव्हता. गावाचे पाद्री विल्यम मकॉली यांना पिक्टन हे नाव पसंत पडलं आणि तेच राहिलं. आधीच्या, म्हणजे इथल्या आदिवासी माणसांच्या भाषेतलं जे उरलं ते थोडं आहे. वॉपूस म्हणजे अनिशिनाबे भाषेत ससा. उत्तरेच्या लांबट उपसागराचं क्विंटी हे नाव ‘केंटे’ या कायुगा वस्तीवरून आलं. तिथं फ्रेंच मिशनरी 1668 मध्ये पोचले होते.

जमीन ज्या रीतीनं हातची गेली ती वाचताना वाईट वाटतं. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटन हरलं आणि राजाच्या बाजूनं राहिलेल्या हजारो कुटुंबांना घरदार सोडावं लागलं. त्यांना वसवायला जागा हवी होती. म्हणून ऑक्टोबर 1783 मध्ये कॅप्टन क्रॉफर्डनं मिसिसॉगा या आदिवासी लोकांकडून क्विंटीच्या परिसरासह मोठा मुलूख ‘विकत’ घेतला. मोबदला काय? कुटुंबांना कपडे, ज्यांच्याकडे नव्हत्या त्यांना बंदुका, हिवाळ्याच्या शिकारीपुरती दारू-गोळी, आणि डझनभर कोट व तितक्याच टोप्यांना पुरेल एवढं जाडंभरडं लाल कापड. चार वर्षांनी कॅरिंग प्लेसला आणखी एक बैठक झाली. तिथल्या कराराचा कागद नंतर सापडला तेव्हा त्यावर जमिनीचं वर्णनच नव्हतं. जागा कोरी होती.

1784 मध्ये निर्वासितांच्या होड्या लागल्या. त्यांना अमेरिकेत ‘राजनिष्ठ’ म्हणून हाकललं होतं, इथंही तेच बिरुद त्यांनी अभिमानानं लावलं. त्यांच्यात ब्रिटिशांकडून लढलेले जर्मन भाडोत्री सैनिक होते, पाठोपाठ युद्धच न मानणारे क्वेकर पंथाचे लोक आले. मोजणीदारांनी आधी नुसते आकडे दिले, पाचवं गाव, सहावं गाव, सातवं गाव. मग राजा तिसऱ्या जॉर्जच्या मुलींवरून त्यांची मेरीजबर्ग, सोफायासबर्ग आणि अमिलियासबर्ग अशी नावं झाली. सरकारी शिधा बंद झाल्यावर 1788-89 मध्ये पीक गेलं. ‘भुकेचं वर्ष’ म्हणून ते इथल्या घराण्यांच्या आठवणीत राहिलं.

काउंटीची खरी भरभराट बार्लीनं केली. अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, तिकडे बिअरची मागणी वाढली, आणि इथल्या चुनखडीच्या जमिनीत उत्तम बार्ली पिकत होती. साधारण 1860 ते 1890 या तीस वर्षांना इथं आजही ‘बार्लीचे दिवस’ म्हणतात. पोती भरलेली शिडाची जहाजं सरोवर ओलांडून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑस्वेगो बंदरात जायची आणि पैसा परत यायचा. त्या पैशाची साक्ष म्हणजे शेतांच्या मधोमध उभी असलेली लाल विटांची प्रशस्त घरं. रस्त्यानं जाताना ती दिसतात तेव्हा एवढ्याशा शेतावर एवढा वाडा कसा, असा प्रश्न पडतो. उत्तर एका शब्दात आहे, बार्ली.

याच हव्यासाची दुसरी खूण सँडबँक्स नावाच्या किनाऱ्यावरच्या वाळूत आहे. पेरण्याजोगी प्रत्येक पट्टी बार्लीखाली गेल्यावर गुरं चरायला किनाऱ्याच्या टेकड्यांवर सोडली गेली. वाळू धरून ठेवणारं गवत-झुडूप गुरांनी संपवलं आणि वाळू चालू लागली. ती रस्त्यांवर आणि शेतांवर चढली, माणसांना माघार घ्यावी लागली. विसाव्या शतकात हजारो झाडं लावून तिला थोपवलं गेलं. आज तिथं प्रांतिक उद्यान आहे आणि उन्हाळ्यात टोरंटोकडच्या गाड्यांची रांग लागते. गोड्या पाण्याच्या उपसागराच्या तोंडाशी बांधासारख्या पसरलेल्या वालुकाटेकड्यांमध्ये ही जगात सर्वांत मोठी मानली जाते. तिथल्या झाडांखाली बसणाऱ्यांनी ती कशासाठी लावली ते जाणून घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बार्ली बुडाली ती पावसानं वा रोगानं नाही. 1890 मध्ये वॉशिंग्टनमध्ये मॅकिन्ली यांच्या नावाचा जकात कायदा झाला. बार्लीवरची जकात बुशेलमागे (बुशेल हे धान्याचं माप) 10 सेंटांवरून 30 सेंटांवर गेली आणि व्यापार बसला. बांधावर उभ्या शेतकऱ्याच्या हातात त्यातलं काहीच नव्हतं. सरोवरापलीकडच्या निर्णयानं घर चालणं आणि घर बसणं, हे या काउंटीच्या वाट्याला पुन्हापुन्हा आलं आहे.

तरी ही माणसं हात बांधून बसली नाहीत. पिक्टनमध्ये 1882 मध्येच वेलिंग्टन बोल्टर यांनी भाज्या-फळं डबाबंद करण्याचा कारखाना काढला होता. बार्ली गेल्यावर शेतं टोमॅटो, मटार आणि मक्याकडे वळली, गावोगाव कारखाने उभे राहिले. लोणी-चीजही होतंच, 1901 मध्ये सुरू झालेलं ब्लॅक रिव्हर चीज अजून नाव राखून आहे. मोठ्या कंपन्यांपुढे डब्यांचे कारखानेही दुसऱ्या महायुद्धानंतर एकेक करून मिटले.

दरम्यान जमिनीचा आकारही बदलला होता. कॅरिंग प्लेसपाशी काउंटीला मुख्य भूमीशी जोडणारी चिंचोळी पट्टी होती. लोक तिथं डोंगी खांद्यावर घेऊन पलीकडच्या पाण्यात जात, म्हणून ते नाव. 1889 मध्ये तिथून मरे कालवा निघाला आणि काउंटी तांत्रिकदृष्ट्या बेट झाली. आज पुलांवरून किंवा ग्लेनोराच्या फुकट फेरीबोटीनं आत येता येतं.

1993 मध्ये वॉपूसला द्राक्षवेली लागल्या. हिवाळा इतका कडक की शरदात वेली मातीखाली गाडाव्या लागतात आणि वसंतात पुन्हा उकराव्या लागतात. एवढे कष्ट घ्यायची तयारी होती म्हणूनच 2007 मध्ये काउंटीला वाइनचा स्वतंत्र प्रदेश म्हणून मान्यता मिळाली. वाइनबरोबर पर्यटक आले, पर्यटकांबरोबर सुट्टीची घरं, आणि इथं जन्मलेल्या तरुणांना घर परवडेनासं झालं.

कारभाराची मोडतोडही बाहेरूनच आली. 1 जानेवारी 1998 रोजी ऑन्टारिओच्या प्रांत सरकारनं इथल्या दहा नगरपालिका-ग्रामपालिका मिळून एकच केली. वॉर्डांना मात्र जुनीच नावं राहिली, आणि अमिलियासबर्गचा माणूस स्वतःला अजून अमिलियासबर्गचाच म्हणवतो. पवनचक्क्यांवरून तर गावं अनेक वर्षं भांडली. दक्षिण टोक हा स्थलांतरित पक्ष्यांचा मार्ग. तिथं ऑस्ट्रँडर पॉइंटला 9 पवनचक्क्यांचा प्रकल्प मंजूर झाला होता; तो पिवळ्या गळ्याच्या ब्लँडिंग कासवावरून न्यायाधिकरणात अडला आणि 2016 मध्ये सुटला तो कासवाच्या बाजूनं. शेजारचा व्हाइट पाइन्स प्रकल्प 2018 मध्ये प्रांत सरकारनं थेट कायदा करून रद्द केला.

पिक्टनच्या मुख्य रस्त्यावर 2015 मध्ये कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडॉनल्ड यांचा पुतळा उभारला होता. 1833 ते 1835 या काळात, विशीही न उलटलेले मॅकडॉनल्ड आजारी नातलगाची वकिली सांभाळायला इथं राहिले होते आणि 1834 मध्ये इथल्या न्यायालयात त्यांनी आपला पहिला खटला चालवला. आदिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांची व्यवस्था त्यांच्याच सरकारनं उभी केली. म्हणून 2021 मध्ये काउंटीच्या परिषदेनं मतदान करून पुतळा हलवला. पिक्टन हे नाव बदललेलं नाही, वेलिंग्टनही नाही.