फ्रेंच अम्लरेखनांतील शरद ऋतू

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समधील निसर्गचित्रकारांनी तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेली खेड्यापाड्यांची चित्रे म्हणजे ही अम्लरेखने (एचिंग). नांगरट, बटाट्याची काढणी, द्राक्षांची तोडणी, सरपणाच्या मोळ्या, कापणी झालेल्या रानात चरणाऱ्या मेंढ्या ही शरदातली कामे त्यांत पुन्हा पुन्हा येतात. एकाच काळ्या शाईत छापायचे म्हटल्यावर पानगळीचा तांबूस-पिवळा रंग हाती लागत नाही. मग ऋतू ओळखायचा तो माणसांच्या कामावरून, उघड्या पडलेल्या फांद्यांवरून आणि लांब पडलेल्या सावल्यांवरून. ही उणीव या चित्रांच्या पथ्यावरच पडली. रंगीत तैलचित्रात शरद अनेकदा नुसता देखणा होऊन बसतो, इथे तो कष्टाचा हंगाम राहतो.

अम्लरेखनासाठी पत्र्यावर मेण, राळ व डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर देऊन तो धुराने काळा करतात. त्यावर सुईने रेघ ओढली की तांबे उघडे पडते. पत्रा नायट्रिक आम्लात ठेवला की आम्ल तेवढ्याच रेघा खाते. दूरच्या टेकड्यांच्या रेघा फिक्या हव्या असतील, तर पत्रा लवकर बाहेर काढून, आम्ल पुढे खाऊ नये म्हणून त्यांवर रोगण लावायचे आणि जवळच्या झाडाच्या बुंध्यासाठी तो पुन्हा आम्लात सोडायचा. नंतर रेघांत शाई भरून पत्रा पुसतात आणि ओलसर कागदावर रुळांच्या दाबयंत्रातून ठसा काढतात. थरावर सुई पेन्सिलीइतकी सहज फिरते, म्हणून निष्पर्ण फांद्यांचे जाळे काढायला हे तंत्र फार सोयीचे. पॅरिसचा मुद्रक ओग्युस्त देलात्र पत्रा पूर्ण पुसतच नसे. शाईचा पुसट थर मागे ठेवी किंवा मऊ कापड फिरवून रेघांतली शाई किंचित वर ओढी. शरदातले धुके आणि दमट उजेड कागदावर उतरतो तो बराचसा या हातचलाखीमुळे. त्यामुळे चित्राचे श्रेय चित्रकाराचे किती आणि मुद्रकाचे किती, हा प्रश्न उरतोच.

अम्लरेखनाच्या या पुनरुज्जीवनापुढे मुख्य आदर्श होता सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याचा. शार्ल झाक (१८१३–९४) हा त्यातला आघाडीचा कलावंत. १८४९ साली पॅरिसमध्ये पटकी पसरली, तेव्हा तो आणि झां-फ्रांस्वा मिले (१८१४–७५) फोंतेनब्लोच्या अरण्याकाठच्या बार्बिझाँ गावी राहायला गेले. झाकने मेंढवाडे, डुकरे आणि कोंबड्या यांची शेकडो अम्लरेखने केली; कोंबड्यांचा नाद एवढा, की त्याने कुक्कुटपालनावर पुस्तकही लिहिले. मिलेची अम्लरेखने जेमतेम वीसेक, पण वजनदार. १८५५–५६ च्या सुमारास त्याने सरवा, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेली कणसे, वेचणाऱ्या बायका अम्लरेखनात आणल्या. याच विषयावरचे त्याचे प्रसिद्ध तैलचित्र १८५७ चे. त्याच सुमारास केलेल्या जमीन खणणाऱ्या दोघांच्या चित्रात चेहऱ्यांना फारसे महत्त्व नाही, सगळा भार वाकलेल्या पाठींवर आहे. शार्ल-फ्रांस्वा दोबीन्यी (१८१७–७८) याने नावेलाच चित्रशाळा बनवून वाज आणि सेन या नद्यांवर भटकंती केली व त्या प्रवासावरची अम्लरेखनमाला १८६२ मध्ये काढली.

त्याच वर्षी प्रकाशक आल्फ्रेद कादार याने अम्लरेखनकारांची संस्था स्थापन केली. ती दरमहा पाच चित्रांचा संच वर्गणीदारांना देई आणि १८६७ पर्यंत चालली. कवी शार्ल बोदलेरने या कलेवर लेख लिहिले, तर माक्सिम लालानचे तंत्रविषयक पुस्तक १८६६ मध्ये आले. तांब्यावर पोलादी मुलामा देण्याची युक्ती निघाल्याने एका पत्र्यावरून पूर्वीपेक्षा पुष्कळ जास्त प्रती निघू लागल्या.

खणणाऱ्यांनी किंवा सरवा वेचणाऱ्या बायकांनी ही चित्रे विकत घेतली नाहीत, हे उघडच आहे. गिऱ्हाईक शहरातले होते. १८४९ मध्ये रेल्वे फोंतेनब्लोपर्यंत पोहोचल्यावर पॅरिसकर तिथे फिरायला येत. कारखानदारीच्या गजबजाटात त्यांना खेड्याची ओढ वाटू लागली होती. मिलेच्या चित्रांत मात्र त्यांच्यापैकी काहींना शेतकऱ्यांच्या बंडाचा वास येई. मिलेच्या त्या दोघा खणणाऱ्यांच्या चित्राचे छायाचित्र समोर ठेवून व्हिन्सेंट व्हॅन गॉगने १८८९ मध्ये सँ-रेमी येथे ते तैलरंगात केले.